शिकेकाईच्या पुडीवरची वेणी

अमरावती, कार्तिक शुद्ध दशमी

माझ्या शिकेकाईच्या पुडीवरची अक्षरं माझ्या लेकीने, मथूने काढली होती, नऊ वर्षांची असताना. 'शि'च्या वेलांटीची तिने वेणी केली होती, टोकाला रिबीन. बाया ती वेणी पाहून हसत आणि पुडी घेत. मथू जाऊन दोन वर्षं झाली.

तिच्या अक्षरांवरून कोरलेल्या लाकडी ठशाची छाप पुसट येऊ लागली, म्हणून अकोल्याच्या ठसेवाल्यांना तो पाठवून कळवलं होतं, नीट करून द्या. आज ते स्वतः घेऊन आले. "अक्षरं लय वाकडी होती, वयनी. लाकूड चांगलं होतं, त्यालेच रंधा मारला अन् नवीन कोरलं. आता पाहा, कसं सरळ दिसून राह्यलं!"

त्यांना मथूचं काय ठाऊक? छान झालं म्हटलं, चहा दिला. पण 'नीट करा' असं मी का कळवावं? वेणीबद्दल एक शब्द का लिहू नये?

घरभर जुनी पुडी शोधली. एकही नाही. सगळ्या मीच विकल्या.

उद्या कौंडण्यपूरच्या जत्रेला माल जायचा, म्हणून नवे कागद चिकटवायला बसले. पहिल्यावर शाईने वेणी काढून पाहिली. रोज तिची वेणी मीच घालायचे, तरी कागदावर हात वळेना.