बाण टेकवला की उगवणारी चिठ्ठी

आदरणीय ओरिनकुलताई,

शिमकेंतहून धाकट्या सागिंदिकचा वाकून सलाम. जनावरं सुखरूप? माणसं सुखरूप? (जनावरांची विचारपूस आधी, हा आपल्या वडिलांचा नियम. माणसं विचारलं की कुरकुरतात, जनावरं निदान खरं सांगतात, असं ते म्हणायचे.) दाजींचा गुडघा अजून वाजतो का? तांबडी उंटीण व्याली का? इकडे आम्ही बापलेक बरे आहोत. टोल्गनाय दिवसभर जनावरांच्या दवाखान्यात मेंढ्यांना सुया टोचते आणि मी दिवसभर घरात संगणकासमोर बसून स्वतःचे डोळे टोचून घेतो. दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. राग अगदी रास्त आहे. पण काय झालं ते ऐकशील तर निम्मा तरी कमी करशील, म्हणून बैजवार लिहितो. चहा ओतून घे.

इथे कुल्याशबाई म्हणून एक आहेत, लग्नाच्या हॉलच्या मालकीण. त्यांनी त्यांची वेबसाइट माझ्याकडे सोपवली. हल्लीच्या पोरांना मुलगी मागायला जाण्यापासून सून घरात येईपर्यंत कशानंतर काय करायचं ते कळत नाही, म्हणून त्या सगळ्याची एक आकृती हवी, म्हणाल्या. चौकटी, चौकटीतून चौकटीत जाणारे बाण, बोटाने ओढली तर सरकणारी, मोठी केली तर मोठी होणारी. शाळेत बावीस वर्षं पोरांकडून चौकटीच काढून घेतल्या असल्यामुळे ते मला छान जमलं. बाई खूश झाल्या. माणूस खूश झाला की त्याला पुढचं सुचतं, हा माझा जुना अनुभव. म्हणाल्या, "सागिंदिकभाऊ, चौकटीवर माऊस नेला की शेजारी एक छोटीशी चिठ्ठी यावी. इथे काय करायचं, कोणी काय आणायचं. माऊस काढला की गेली. दोन दिवसांचं काम, नाही का?" मी मान हलवली. (ही मान, ताई, अशीच हलवून मी शाळेतली नोकरी सोडली, अशीच हलवून शेजाऱ्याचं कुत्रं पाळायला घेतलं.)

दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. आधी ती चिठ्ठी नेमकी माऊसच्या बाणाच्या टोकाखालीच उगवायला लागली. म्हणजे टोक चौकटीवरून सुटून चिठ्ठीवर जायचं. चौकटीला वाटायचं, पाहुणा गेला, ती चिठ्ठी मिटायची. चिठ्ठी मिटली की टोक पुन्हा चौकटीवर, चिठ्ठी पुन्हा हजर. सेकंदाला दहा वेळा हे चालायचं. कुल्याशबाईंचे सासरे, बैजाक आजोबा (वय चौऱ्याऐंशी, कामधंदा नाही, मत मात्र प्रत्येक गोष्टीवर), माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "पोरा, हिला थंडी वाजून ताप भरलाय. मेंढीची चरबी चोळ." तीन दिवस शोधून मी चिठ्ठी चार बोटं बाजूला सरकवली तेव्हा ताप उतरला. मग उजव्या कडेच्या चौकटींच्या चिठ्ठ्या अर्ध्याच दिसायच्या, बाकीच्या अर्ध्या पडद्याबाहेर. तेही निस्तरलं. मग बाईंनी फोन काढला, चौकटीकडे नुसतं रोखून बघितलं आणि विचारलं, "चिठ्ठी कुठाय?" फोनला माऊस नसतो, ताई. सगळ्या शिमकेंतात लग्न ठरवणाऱ्या माणसांपैकी माऊस असलेला बहुधा मी एकटाच. सगळं उसवून बोटासाठी पुन्हा शिवलं.

पण यंत्र परवडलं. यंत्र चुकतं ते गप्प राहून. चिठ्ठ्यांत लिहायचं काय, यावरून जे झालं त्याने मी दहा वर्षांनी म्हातारा झालो. मी सांगितलं होतं की एका चिठ्ठीत दोन ओळी मावतात. आजोबा उखडले. "दोन ओळींत लग्न? आमच्या वेळी नुसतं 'या, बसा' म्हणायला याहून जास्त बोलायचे!" त्यात कुल्याशबाईंची आई उत्तरेकडची. नवरीला कर्णफुलं मुलाच्या आईने स्वतः घालायची की कोणा सुवासिनीकडून घालवायची, यावर ती आणि आजोबा सलग तीन दुपारी भांडले, आणि दोघांचंही म्हणणं घालून चिठ्ठी एकतीस ओळींची झाली. उघडली की मागची आकृती पार झाकून जायची, लग्नच दिसेनासं व्हायचं. शेवटी मी "ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे" एवढंच लिहून टाकलं. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. आपसात मात्र आता बोलतात, माझ्याविरुद्ध.

बाकीच्या चिठ्ठ्या मी लहानपणी पाहिलेलं आठवून आठवून लिहिल्या. आणि त्यांनीच माझा घात केला.

टोल्गनायने मुलगा निवडला, हे तुला तिने कळवलंच आहे. बेकझात, रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो, कमी बोलतो, मला आवडला. त्याची आई राउशानबाई मात्र शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गेल्या रविवारी त्या, त्यांचे दीर आणि आणखी दोघं रीतसर मागणी घालायला आले. त्याच्या आदल्याच दिवशी कुल्याशबाईंनी मला न विचारता ती आकृती लोकांसाठी खुली करून टाकली होती. मला पत्ताच नाही. राउशानबाईंना होता. आल्या, सलाम झाला, गादीवर टेकल्या, आणि फोन काढून मांडीवर ठेवला.

टोल्गनाय आतल्या खोलीत. (मुलीने यावेळी समोर येऊ नये, हीही चिठ्ठी माझीच.) तेव्हा चहा ओतायला मीच. एका कानाने चुलीवरचं मांस उतू जातंय का ते ऐकत होतो. पेला भरला आणि विहीणबाईंपुढे दोन्ही हातांनी धरला. काठोकाठ भरलेला पेला, ताई. राउशानबाईंनी फोनवर बोट ठेवलं आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, "पाहुण्याला चहा अर्धाच पेला द्यावा. पेला काठोकाठ भरला, तर आता उठावं असा त्याचा अर्थ." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सागिंदिकभाऊ, आम्ही उठायचं का?"

त्यांच्या दिरांनी टोपीला हात घातलासुद्धा. आतल्या दाराची फट हलली. मला त्या फटीतून लेकीचा एक डोळा दिसला, आणि माझं होतं नव्हतं ते भान गेलं. म्हणालो, "ती चिठ्ठी मीच लिहिली आहे."

"मग वाचायला विसरलात?"

काहीतरी सजवून सांगायला हवं होतं. पण सहा आठवडे मी लोकांच्या घरच्या रीती सजवत होतो, सजावट संपली होती. खरं ते सांगितलं. या घरात चहा माझी बायको ऊमित ओतायची. ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी दुपारचा चहा एकट्यासाठी ओतत आलोय, आणि एकट्याचा पेला काठोकाठच भरतात, कारण पुन्हा ओतून द्यायला समोर कोणी नसतं. हात तेवढंच शिकलाय.

राउशानबाईंनी पेला उचलला, अर्धा चहा सावकाश पिऊन टाकला, पेला खाली ठेवला आणि दिरांना म्हणाल्या, "आता अर्धा आहे. टोपी ठेवा, भावजी, बसा." मग फोन पिशवीत घातला आणि स्वतः उठून चुलीकडे गेल्या. मांस उतू गेलंच होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत. शेपटीची चरबी आणि कलेजी दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या तोंडात घातली, म्हणजे आता कोणालाही मागे फिरता यायचं नाही. रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या तोंडाला पीठ फासलं, मी त्यांच्या दिरांच्या मिशांना फासलं. टोल्गनाय बाहेर येऊन हसली. इतकी मोठ्याने हसली की हसणं तिच्या आईचंच वाटलं. सप्टेंबरच्या चोवीस तारखेला लग्न. तू आणि दाजी आठ दिवस आधी या. तोवर मी झोप काढायचा विचार करतोय.

दाजींना सलाम, उंटिणीला थोपटणं.

तुझा थकलेला भाऊ,
सागिंदिक

ता. क. एक कामाची गोष्ट राहिली. त्या आकृतीत मुलीच्या पाठवणीची चौकट आहे, तिची चिठ्ठी रिकामी आहे. नवरी उंबऱ्यातून निघताना आई तिच्या कानात काय सांगते, ते मला माहीत नाही. तुझ्या पाठवणीला मी वर ट्रकमध्ये तुझी पेटी दोरीने बांधत होतो. वरून एवढंच दिसलं की आईने तुझी ओढणी बाजूला केली, काहीतरी सांगितलं, आणि तू मागे वळून न बघता चालायला लागलीस. ते काय होतं, तेवढं लिहून पाठव. कुल्याशबाई रोज तगादा लावतात, काम अडलंय.

ता. क. २. कुल्याशबाईंनी ती चौकट मागच्याच आठवड्यात स्वतः लिहून भरली. छान लिहिलंय. कोणाचं काही अडलेलं नाही. तू लिहूनच पाठव, फोनवर सांगू नकोस. फोनवर बोलताना टोल्गनाय शेजारी बसलेली असते, आणि मला ते तिच्याआधी ऐकायचंय, म्हणजे त्या दिवशी तिच्या कानात सांगताना माझा आवाज तरी नीट निघेल.