नव्या दमदार आवाजात

वडसा, जानेवारी २००४

खुर्शीदभाऊस रामाजीचा सलाम आणि जयभीम.

जाहिदाभाभीचे गुडघे कसे आहेत? वाजिदचं दुकान चालतं ना? नाजियाचा ताप उतरला का? आणि तुझा दमा? (बिडी सुटली का, हे विचारत नाही, तुला उगाच खोटं बोलावं लागेल.) इकडे मी ठीक. बायना गेल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा, स्वतःच्या हातचं जेवूनही जिवंत आहे.

तर भाऊ, बायना ज्या सिनेमात धानाच्या रोवणीच्या बायांत उभी राहून गायली होती, तो आता सीडीवर निघाला. प्रफुलनं नागपूरहून आणला. वर छापलेलं, ‘नव्या दमदार आवाजात’. मी दुपारी अख्खी गल्ली जमवली. चहा, चिवडा, इंदुताईला पुढची खुर्ची. ऐकायचं खरं तर मलाच होतं, पण एकट्यानं ऐकायची छाती होईना.

सुरू झालं. बैलबंडी चालली की घोड्यांच्या टापा. धानाच्या बांधीतल्या पाण्याला समुद्राच्या लाटा. बेडूक गप्प, वरून वाघाची डरकाळी (आपल्याकडचा वाघ एवढ्या बायांसमोर तोंड तरी उघडेल का?). गल्ली खूश. मग बायना दिसली. वाकलेली, हातात धानाचं रोप. तिनं तोंड उघडलं आणि आतून निघाली मुंबईची कोणी कोवळी पोरगी! मागं असा ढोल की फडताळातल्या वाट्या नाचल्या.

दसरू म्हणाला, “भाऊ, वहिनी तं हिरोईनच निघाली ना जी!” इंदुताई म्हणाली, “पण बायना एवढं बारीक कवा गात होती?” मी हो-हो करत हसलो आणि चिवडा वाढत राहिलो.

सगळे गेल्यावर प्रफुल म्हणाला, “बाबा, आईचा आवाज तं बसकाच होता. म्हणून बदलला असंल त्यायनं. तुमी काऊन रडून राह्यले?” आणि उठून टीव्हीचा आवाज कमी करत बसला. टीव्ही कधीचा बंद होता.

तुझा,
रामाजी

ता.क. तंबूत सिनेमा लागला की तू तिथं भाड्यानं लावलेल्या तुझ्या भोंग्याखाली टेप ठेवून सगळा सिनेमा कॅसेटीत भरून घ्यायचास, लग्नांत वाजवायला. हाही भरला होतास. ती कॅसेट असेल का घरात? पत्र त्यासाठीच लिहिलं. गुडघ्यांची चौकशी मात्र खरी.

आणखी एक. सापडली तर तिला साफसूफ करू नको. शिट्ट्या, पोरांचं रडणं, तुझा खोकला, सगळं राहू दे. गाणं संपताच तंबूत बायांच्या बाजूला एक बाई खदखदा हसते आणि तू ओरडतोस, “ओ बाई, चूप बसा ना!” ती बायनाच होती रे. स्वतःला पडद्यावर पाहून लाजली होती. गाणं घासून गेलं असलं तरी चालेल. हसणं शाबूत आहे का, तेवढं ऐकून दोन ओळी लवकर टाक.