चिंचेने घासलेला रुपया

बाबा, तुमचा तो राणीछाप रुपया खोटा आहे. तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, हे मात्र मला काल कळलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे भांडायचं तर आता असं कागदावरच.

मी दहा वर्षांची होते. खडकीच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, मोरीजवळ लक्ष्मीपूजनाची भांडी पसरलेली. आई फराळात गुंतली आहे, "सगळं लख्ख कर गं," एवढंच म्हणते. मी समई घासते, ताम्हन घासते, आणि तुम्ही पूजेसाठी काढून ठेवलेला तो काळसर रुपयाही चिंच आणि रांगोळी घेऊन घासते. तुम्ही खूश व्हाल असं मला वाटतंय. धुतल्यावर राणीच्या गालावर पिवळट डाग दिसतो. मी आणखी जोर लावते, तर तो आणखी पसरतो. तुम्ही कारखान्यातून आलात, रुपया दाराशी उजेडात धरलात आणि म्हणालात, "शाबास! शंभर वर्षांत कोणाला जमलं नाही ते आपण एका दुपारी केलंत. चांदी घालवलीत." मला अहो-जाहो केलंत की तुम्ही किती संतापला आहात ते कळायचं. त्या दिवाळीत मी एकही फुलबाजी लावली नाही.

पुढे तुम्ही तेच सांगत राहिलात. तुमचा नाण्यांचा संग्रह बघायला कोणी आलं, की शेवटी ठरलेलं वाक्य: "एक राणीछापही होता, आमच्या कन्येने धुऊन टाकला." बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला पन्नास पैशांचं एक नाणं दिलंत. छाप एका बाजूला सरकलेली, अर्धी कडा कोरी. "टाकसाळीची चूक आहे, अशी शोधून सापडत नाहीत. घासू नकोस म्हणजे झालं." टाकसाळीची चूक तुम्ही मखमलीत गुंडाळून ठेवायचात, माझी चारचौघांत काढायचात. पाठवणीच्या वेळी सासऱ्यांना म्हणालात, "हिच्या हाती किमती काही देऊ नका हं." सगळे हसले, मीही हसले. वारज्याच्या घरात चांदीची भांडी मी आजही स्वतः घासत नाही. कामाच्या बाईंना देते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

काल तुमची नाण्यांची पेटी घेऊन कसबा पेठेतल्या एका नाणेवाल्याकडे गेले. रुपया त्याने बोटांत फिरवला, काट्यावर टाकला. "ताई, घेताना चष्मा घरी राहिला होता का?"

मी घाईघाईने म्हटलं, "लहानपणी मी घासला होता, त्याची चांदी गेली."

"अहो, चांदी घासली तर खालून चांदीच निघते. हा नुसता मुलामा होता."

मग त्याने रुपयाचं पाकीट झटकलं आणि एक चिठ्ठी पडली. तुमचं अक्षर. "वजन साडेनऊ ग्रॅम, हवं साडेअकराच्या वर. जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा. नकली." खाली तारीख, त्याच वर्षीच्या भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवसाची.

म्हणजे सुट्टी संपताच तुम्ही तो कारखान्यात नेलात. धातू तपासणं हेच तुमचं काम, पाच मिनिटांत कळलं असेल. आपण फसलो याची तुम्हाला लाज वाटली असेल, तेही मी समजू शकते. पण मी दहा वर्षांची होते हो, बाबा. घरी येऊन "तुझी चूक नव्हती" एवढंच म्हणायचं होतं. ते न म्हणता चिठ्ठी पाकिटात सरकवलीत आणि पुढची तीस वर्षं माझ्यावर लोकांना हसवलंत. मला तुमची चीड येते. रुपया खोटा निघाल्याची नाही, तो खोटा आहे हे कळल्यावरही तुम्ही मलाच दोष देत राहिलात, त्याची.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? चिठ्ठीसोबत त्याच पाकिटात ठेवते. एक सांगायचं राहिलं. चिठ्ठी वाचून झाल्यावर नाणेवाल्याने विचारलं, "घेतला कोणी होता हा?"

मी म्हटलं, "मीच."