एप्रिलचीच टूर का?

अहो,

आपल्या दिशाला सासरहून आणायला रोह्याला जातेय. आमटी झाकून ठेवलीय, भात तेवढा लावा.

तुम्ही जपानच्या एप्रिलच्या टूरवर खूण केलीत, चेरीची फुलं बघायची म्हणून. मला ते पटलं नाय. एप्रिलात कारखान्यात गणपतींचं काम अंगावर असतं, तेव्हा तुम्ही माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही आला नव्हता. गणपती झाल्यावर ऑक्टोबरची टूर हाय, तीच देवळं, तोच डोंगर. तरी तुमचं एप्रिलच. कामाचं विचारलं तर म्हणे, धनेश बघेल.

म्हणून काल तुमच्या त्या पुतण्यालाच गाठलं. आधी उडवाउडवी करत होता, मग बोलला. दिवाळीपासून मूर्तींचे डोळे तोच आखतोय. त्या कामाला तुम्ही आजवर कुणाला हात लावू दिला नाय. ऑक्टोबरपर्यंत दिसेल की नाय, हीच भीती ना तुम्हाला? आणि ते धनेशला माहीत, मला नाय.

उद्या दहाला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, दिशा सोबत येईल. टूरचं त्यानंतर ठरवू.

तुम्हाला वाचता यावी म्हणून चिठ्ठी मार्करने, मोठ्या अक्षरांत लिहिलीय.

कुंदा