कुमुदचा पेपर आणि माझा स्वेटर

कुमुद,

बाळाची छाती पुन्हा भरलीय, म्हणून त्याला घेऊन घाटकोपरच्या डॉक्टरांकडे जातेय. तू पहाटे वाचून आत्ता कुठे लवंडलीस, म्हणून उठवलं नाही. बंबात पाणी तापलंय. पेपर अकराला आहे, वेळेवर निघ.

काल संध्याकाळी कुडकुडत तू माझा कॉलेजचा स्वेटर घरभर शोधलास आणि मी "मला काय ठाऊक?" म्हटलं. तो मीच पाळण्यातल्या गादीखाली लपवला होता. बाळाला पाजते म्हणून माझ्या माहेरून आलेले डिंकाचे लाडूसुद्धा आईंनी "पोरीची परीक्षा आहे, थंडी किती पडलीय" म्हणत तुझ्यापुढे ठेवले, तेव्हा मला राहवलं नाही. गेल्या वर्षी बी.ए.चा फॉर्म मीही भरला होता गं. सातवा महिना लागला, आणि माझ्या परीक्षेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

स्वेटर खुंटीवर आहे, घालून जा. बाहेर डोंगरावरचा वारा आहे. डावं कोपर विरलंय, जपून वापर.

आणि प्रश्नपत्रिका मैत्रिणींना देऊन येऊ नकोस. नीट घडी करून घरी आण. बाळ निजलं की मला सोडवून बघायचीय.

वहिनी