ताई, उद्या माझा टू-डी इको

प्रिय ताई,

तू असतीस तर हे तोंडावर सांगितलं असतं आणि पाठीत धपाटा खाल्ला असता. आता लिहितोय, कारण उद्या नगरला माझा टू-डी इको आहे. हृदयाची सोनोग्राफीच म्हण. मी घाबरलोय. लई घाबरलोय गं!

खर्ड्याच्या मैदानावर आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तू पडलीस, त्याला सात महिने झाले. पोलीस भरती तोंडावर होती. "फीट आलीय, कांदा आणा!" कुणीतरी ओरडलं आणि मी कांद्यासाठी पळालो. आयुष्यात एवढ्या जोरात कधी पळालो नव्हतो. मग तुझ्या नाकाशी कांदा धरून बसलो. छाती दाबायची असते, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. माफ करशील?

गेल्या आठवड्यात आईने आणि मी तुझा पोस्टमॉर्टेमचा कागद डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, हृदयाची भिंत जाड झाली होती. स्नायू म्हणजे प्रोटीनचे बारीक धागे, आणि ते जन्मतःच सगळ्यांचे सारखे नसतात. कुणाच्या पायात झटक्यात सुटायचा जोर, कुणाच्या पायात लांबचा दम. तुझ्या हृदयातल्या एका धाग्याची घडणच वेगळी होती.

मी टेबलावर हात आपटला. "माझ्या बहिणीत खोट काढू नका! तालुक्यात पहिली यायची ती!"

डॉक्टर म्हणाले, "खोट नाही रे राजा, जन्माची ठेवण. पाय पळत होते, हृदयाला झेपत नव्हतं. आईबापाकडून येतं हे. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. तुझ्यात असायची शक्यता निम्मी."

आईने माझा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी रुतली.

तुला आधी दोनदा चक्कर आली होती ना? तुझ्यासोबत पळणाऱ्या रेश्माने आत्ता सांगितलं. तिला शपथ घातलीस तू! भरती हुकेल म्हणून! एवढी कसली घाई होती गं?

पण मी कोणत्या तोंडाने रागवू? मी रेश्माला मागणी घातली, तर तिचे वडील म्हणाले, "वर्दी घालून ये, मग बोलू." त्याच तिरमिरीत कॉलेजचं सेकंड इयर सोडलं आणि पळायला लागलो. तिसऱ्या फेरीला छातीत धडधडायचं, डोळ्यांपुढे काळं यायचं. मीही कुणाला बोललो नाही. आता दोन पायऱ्या चढलो तरी मनगट धरून नाडी बघतो.

काल रेश्माने अडवलं. "ग्राउंडवर येत न्हाईस. भ्यालास व्हय?"

"पाय मुरगळलाय."

"मग लंगड तरी नीट! मघाशी उजवा हुता, आता डावा!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

मरायची भीती आहेच. पण वर्दी गेली आणि रेश्माही गेली तर? आणि राहिली, तर उद्या आमच्या लेकराच्या छातीतही हेच निघालं तर? मी ठरवलं होतं, रिपोर्ट चांगला आला तर तिला काही कळू द्यायचं नाही, वाईट आला तर गुपचूप बाजूला व्हायचं. केवढा मोठेपणा वाटत होता मला त्यात! पण तूही असंच लपवलं होतंस.

ताई, शब्द देतो. आज संध्याकाळीच रेश्माला सगळं सांगेन, रिपोर्टच्या आधी. डॉक्टरांपासूनही काही लपवणार नाही. ते पळू नको म्हणाले तर नाही पळणार. रेश्मा सोबत येते म्हणाली, तर तिला दवाखान्यात बाहेर आईशेजारी बसवीन. नाही म्हणाली, तर भांडणार नाही. एकटा आत जाईन. पण जाईन.

तुझा भेदरलेला भाऊ,
सागर