स्मरणिकेच्या लिंका आणि नंदकुमारकाका

१८ ऑगस्ट, सोमवार
इथल्या मराठी मंडळाची गणपतीची छापील स्मरणिका वेबसाइटवर चढवायचं काम अंगावर घेतलं. अध्यक्ष नंदकुमारकाका म्हणजे केयाचे बाबा, रिटायर्ड हार्ट सर्जन. मागच्या पॉटलकला, घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेज सोडलंस, मग नक्की करतोस काय तू?" आता कळेल. गुरुवारपर्यंत काम संपवायचं, शुक्रवारी केयाशी बोलायचं.

२३ ऑगस्ट
बोललो नाही. पण काम झालं. छपाईची फाइल कन्व्हर्ट केली. अनुक्रमणिकेत क्लिक केलं की लेख उघडतो. सगळ्या लिंका माझ्या लॅपटॉपवर तपासल्या. एकही चूक नाही. काकांना पाठवलं, त्यांनी साइटवर चढवलं. पासवर्ड ते कुणाला देत नाहीत.

२५ ऑगस्ट
केयाचा मेसेज: "एकही लेख उघडत नाहीये." तिचा फोन जुना आहे. तसं कळवलं, जरा तापूनच. तिने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. तिथेही नाही. असो. मेसेज तिने आपणहून केला. याला काहीतरी अर्थ आहे.

२६ ऑगस्ट, दुपार
कारण सापडलं. कन्व्हर्ट करताना प्रत्येक लिंकेत माझ्या लॅपटॉपवरचा अख्खा पत्ता बसला, फोल्डरच्या नावासकट. म्हणून फक्त माझ्याकडेच उघडतं. ते बदलता येईल. पण ज्या फोल्डरमध्ये काम केलं त्याचं नाव 'केया-निहार-लग्न'. लिंकेवर माऊस नेला की ते खालच्या कोपऱ्यात दिसतं. प्रत्येक लेखाला. श्रद्धांजलीलासुद्धा.


२७ ऑगस्ट
काकांना फोन केला. नवीन फाइल्स पाठवतो, तेवढ्या बदला. का, म्हणाले. शुद्धलेखन, म्हटलं. "घरी गणपती बसलेत बाळा, माणसं जेवायला. आता कॉम्प्युटर नाही. शनिवारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर उघडू, तिथेच सगळे मिळून शुद्धलेखन बघू."
काका ओळीवर माऊस ठेवून सावकाश मोठ्याने वाचतात.

२८ ऑगस्ट
लांब विंडसर गावी मामाकडे जायचं बसचं तिकीट काढलं. मी पळणारा नाही. तिकीट रिफंडेबल आहे. दुसरा प्लॅन: प्रोजेक्टरच्या वायरीजवळ उभं राहायचं.

३० ऑगस्ट, शनिवार
वायरीजवळ उभा होतो. काकांनी माऊस पहिल्याच लेखावर ठेवला. चष्मा पुसला. क्लिक. लेख उघडला. कोपऱ्यात नुसतं लेखाचं नाव. टाळ्या. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हुशार आहेस रे."
मोदकांच्या रांगेत केयाने गाठलं. म्हणाली, "बाबांचा पासवर्ड मला माहितीय. काल मी सगळे पत्ते बदलले. नाव मी सोमवारीच वाचलं होतं." मी काही बोलणार, तर म्हणाली, "नाही, निहार. तसं काही नाहीये. फोल्डरचं नाव बदल, प्लीज." आणि मला मोदक वाढला. रागावलेली नव्हती. तेच फार भयंकर वाटलं.

३१ ऑगस्ट
नाव बदललं. 'स्मरणिका' ठेवलं. माझ्याकडच्या फाइलीत पत्ते अजून जुन्याच नावाचे. आता माझ्या लॅपटॉपवरही एकही लिंक उघडत नाही.